वितीभर कापलेला आख

समोर असताना मी त्याला 'सरकार' म्हणायचो, कमरेत वाकायचो आणि त्याच्या जोड्यांकडं बघत बोलायचो. एका जन्माला तेवढं वाकणं पुष्कळ झालं. आता इथं मी त्याला नुसता 'तो' म्हणणार आहे आणि कुणाला ते खटकलं तरी माझा इलाज नाही.

तो आमच्या भागातला जहागीरदार. आष्टी तालुक्यात, डोंगराच्या उतारावर, त्याची तीन गावं होती. राज्य निजामाचं. कचेरीचे कागद उर्दूत, पोशाख शेरवानी आणि रुमी टोपी, आणि रस्ते म्हणाल तर देवाच्या भरवशावर. पावसाळ्यात मांडीएवढा चिखल, उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा आणि बारा महिने दगड. अशा मुलखात ह्या माणसानं शर्यतीची मोटार आणली.

साधी मोटार आणली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. साधी मोटार जिल्ह्याच्या तालुकदाराकडंही होती. उंच चाकांची, वर छत असलेली, आत चार माणसं आणि दोन कोंबड्या मावतील अशी. ती सावकाश यायची आणि सावकाश जायची. ह्याची मोटार दोन माणसांची, बिनछताची, आणि इतकी बसकी की आत बसून हात बाहेर सोडला तर बोटं जमिनीला लागायची. विलायतेत म्हणे अशा मोटारी गुळगुळीत रस्त्यावर शर्यतीला पळवतात. मुंबईत कुणीतरी हौसेनं आणलेली आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेली ती चीज ह्यानं उचलली, नगरपर्यंत आगगाडीनं आणली आणि तिथून स्वतः हाकत निघाला. इंग्रजांची हद्द संपून निजामाची लागते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. नाक्यावरच्या दारोग्यानं मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि अदबीनं विचारलं, "हुजूर, बाकी की मोटार पीछे आ रही क्या?"

हा किस्सा तो स्वतःच सांगायचा, दारोगा किती अडाणी होता म्हणून. ऐकणारे हसायचे, मीही हसायचो. मला मात्र नेहमी वाटायचं की सगळ्या प्रकरणात डोळे उघडे असलेला तो एकच अंमलदार.

मोटारीला लागणारं तेल नगरहून डब्यांतून यायचं. ते डबे कशातून यायचे? बैलगाडीतून. दीड दिवस बैल चालायचे तेव्हा हा घटकाभर धावायचा. हे एकदा मी बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "अबे, बैलाचं कामच ते हाय. त्याला कुठं कळतंय डब्यात काय हाय ते."

माझी त्याच्याकडं नेमणूक झाली ती हकिकतही ऐकण्यासारखी आहे. मी उर्दू चौथीपर्यंत शिकलो होतो, अक्षर बरं होतं, मुन्शीची जागा मिळावी म्हणून अर्ज घेऊन गेलो. त्यानं अर्ज बघितलाच नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग बाजूनं बघितलं आणि विचारलं, "वजन किती बे तुझं?" मी तेव्हा चांगला गलेलठ्ठ होतो. आमच्या घरी मला कुणी पलंगावर बसू देत नसत. मला ज्वारीच्या कोठारात नेलं, पोती तोलायच्या काट्यावर बसवलं, दुसऱ्या पारड्यात ज्वारी ओतली. अडीच मणाच्या वर भरलो. तो इतका खूश झाला की अक्षराचा नमुना राहूनच गेला.

माझं काम असं होतं. मोटार वेगात वळणाला घातली की आतल्या बाजूचं चाक हलकं होतं, जमीन सोडू बघतं. अशा वेळी शेजारच्या माणसानं वळणाच्या आतल्या अंगाला झुकायचं आणि आपलं वजन त्या चाकावर टाकायचं. डावं वळण आलं की मी कमरेपासून बाहेर लोंबायचो. उजवं आलं की त्याच्या पाठीमागून अंग पसरायचो. "डोकं चालवायचं न्हाई," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "नुसतं झुकायचं." कागदोपत्री मी मुन्शी. महिन्याला दोन पत्रं लिहायचो आणि दिवसाला चाळीस वेळा झुकायचो. घरी आईला सांगितलं की दप्तराचं काम आहे.

वळणांचं एक वेळ ठीक. आदळण्याचं काय सांगू! त्या मोटारीच्या स्प्रिंगा शर्यतीसाठी केलेल्या, लोखंडासारख्या ताठ. चाक खड्ड्यात गेलं की तो खड्डा जसाच्या तसा, एक बोटही कमी न होता, माकडहाडातून मस्तकापर्यंत यायचा. त्यावरही त्याचं तत्त्वज्ञान तयार होतं. "कडक स्प्रिंग म्हंजे इमानदार स्प्रिंग," तो म्हणायचा. "रस्ता जसा हाय तसा सांगती. तालुकदाराच्या मोटारीला मऊ स्प्रिंगा हायेत. खुशामतखोर." हे सांगणारा माणूस कोण, तर ज्याच्या बैठकीत सकाळपासून चार जण फक्त 'वाहवा सरकार' म्हणायला बसलेले असायचे.

मोटारीत बसण्याआधी तो शेरवानीच्या आतून पोटाला सहा हाताचा पटका आवळून बांधायचा, आतडी जागच्या जागी राहावीत म्हणून. तोंडात रुमालाची घडी धरायचा, जीभ चावली जाऊ नये म्हणून. पहिल्या महिन्यात दोनदा चावून घेतली होती. पण उतरल्यावर कुणी विचारलं, "सरकार, तरास झाला का?" की तोंडातला रुमाल काढून म्हणायचा, "तरास? पाण्यावरून आल्यासारखं आलो." आणि मग तासभर भिंतीला पाठ लावून उभाच राहायचा, कारण बसता येत नसे.

धक्के मोजायची त्याची एक रीत होती. निघताना माझ्या दोन्ही गुडघ्यांमधे दह्याचं गाडगं द्यायचा, तोंडाला फडकं बांधून. दुसऱ्या गावाला पोचलो की फडकं सोडून आत बघायचा. दही तसंच असलं तर रस्ता पास. लोणी वर आलं असलं तर नापास. सगळे रस्ते नापास व्हायचे. एकदा तर टाकळीपासून वाड्यापर्यंत एवढं लोणी निघालं की स्वयंपाकिणीनं विचारलं, ताकाचं काय करू. तो गंभीरपणे म्हणाला, "लिहून ठेव बे मुन्शी, टाकळीचा रस्ता सपशेल नापास."

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण रस्ता नापास झाला की त्या गावाला वेठ पडायची. वेठ म्हणजे फुकटचं काम. पेरणी असो, काढणी असो, घरटी एका माणसानं टोपलं-फावडं घेऊन रस्त्यावर हजर व्हायचं. त्याच्या बुडाला बसलेल्या धक्क्यासाठी बायामाणसं उन्हात मुरूम वाहायची. "मोटार चुकत न्हाई, रस्ता चुकतो," हे त्याचं आवडतं वाक्य होतं, आणि चुकलेल्या रस्त्याची शिक्षा त्या रस्त्यानं चालणाऱ्यांना.

एक गोष्ट मला कबूल करायला हवी, अगदी नाइलाजानं. टाकळीच्या ओढ्याजवळ रस्ता उतरत उतरत एकदम डावीकडं वळायचा. तिथली जमीन पक्क्या खडकाची होती, म्हणून चाकोऱ्या नव्हत्या, मुठीएवढाही खड्डा नव्हता. त्या वळणावर ती मोटार खरोखर देखणी जायची. वेग तोच, कुठं कलणं नाही, कुठं घसरणं नाही, पोट जमिनीला लावून सर्रकन निघून जायची. मी बाहेर लोंबलेला असायचो आणि माझ्या कानाखालून खडक पळायचा. तेवढ्यापुरतं मला तिचं कौतुक वाटायचं आणि त्याचंही. तो तोंडातला रुमाल काढून मोटारीला शाबासकी द्यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा लहान पोरासारखा आनंद असायचा. मग म्हणायचा, "बघितलं? जमिनीला धरून असतं ते पडत न्हाई." वळण संपलं की पुन्हा दगड, पुन्हा दही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

आमच्याकडचे रस्ते कुणी बांधलेले नव्हते. बैलगाड्या पिढ्यान्पिढ्या जाऊन ते पडलेले होते. दोन बाजूला दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवत उगवलेला उंचवटा. सगळ्या मुलखातल्या गाड्यांची चाकं सारख्याच अंतरावर, त्यामुळं गाडी एकदा चाकोरीत पडली की गाडीवान झोपला तरी बैल घरी आणून सोडायचे. मोटारीच्या दोन चाकांतलं अंतर मात्र वितीभर कमी. एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं उंचवट्यावर चढायचं. मोटार एका कुशीवर कलंडून चालायची आणि तिच्या पोटाखालचं तेलाचं भांडं मधल्या दगडांना खरवडत जायचं. वेठीच्या माणसांनी चाकोऱ्या बुजवल्या तर आठ दिवसांत गाड्या त्या पुन्हा पाडायच्या, जिथल्या तिथं.

दोन वर्षं तो ह्या चाकोऱ्यांवर दात-ओठ खात होता. एके दिवशी दुपारी मला हाक मारली. चेहरा उजळलेला. म्हणाला, "दोरी घे आन् मोटारीच्या चाकातलं अंतर माप." मी मोटारीखाली आडवा झालो, मापलं, दोरीला गाठ मारली. मग त्यानं मला उर्दूत हुकूम लिहायला बसवलं. तिन्ही गावांतल्या सगळ्या बैलगाड्यांचे आख, म्हणजे ज्यावर चाकं फिरतात ते दांडे, ह्या दोरीच्या मापानं वितीभर कापून कमी करावेत. जो करणार नाही त्याची गाडी जप्त.

"एक पावसाळा जाऊ दे," तो म्हणाला. "गाड्या अरुंद झाल्या की चाकोऱ्या बी अरुंद पडतील. बराबर मोटारीच्या मापाच्या. मग बघ, रुळावरून गेल्यासारखी जाती का न्हाई."

मोटार रस्त्याला जमत नाही, म्हणून रस्ता बदलायचा. रस्ता गाड्यांमुळं बदलत नाही, म्हणून गाड्या बदलायच्या. हा विचार माणसाच्या डोक्यात येऊ शकतो ह्याचं आज मला नवल वाटतं. आणि जास्त नवल ह्याचं वाटतं की मी तेव्हा 'वाहवा सरकार' म्हणालो. मनापासून म्हणालो. कल्पना मला हुशारीची वाटली होती. आष्टीच्या बाजाराला जायचा रस्ता दुसऱ्यांच्या गावांतून जातो, तिथल्या चाकोऱ्या रुंदच राहणार, आणि आमच्या अरुंद गाड्या तिथं त्याच्या मोटारीसारख्याच कलंडत चालणार, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं चालवायची माझी सवयच गेली होती.

डोकं चालवलं ते धोंडिबा सुतारानं. धोंडिबा साठीच्या पुढचा, काडीसारखा किडकिडीत, खांद्यावर कायम वाकस, लाकूड तासायला. गावातल्या गाड्या, नांगर, तिफणी त्याच्या आजापासून त्याच्याच घरात बनायच्या. त्याबदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं. तेच त्याचं बलुतं. घरात म्हातारी बायको आणि नवरा गेल्यानं माहेरी आलेली मुलगी, तिघांचं पोट त्यावर. चावडीपुढं मी हुकूम वाचून दाखवला, दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं दोरी ताणून बघितली, स्वतःच्या वितीनं फरक मापला आणि म्हणाला, "सरकार, आख कापता यील. पर गाडी वळनाला हुबी ऱ्हायाची न्हाई."

"कावून?"

"तुमची मोटार जिमिनीला पोट लावून चालती. गाडी कमरंएवढी उच्च, आन् वर पुरुषभर कडबा. पाय फाकून हायेत म्हून हुबी हाय ती. पाय जवळ घ्या आन् कुनी खांद्याला धक्का द्या, पडल न्हाई तर काय व्हईल?"

मी दोन वर्षं हेच ऐकत होतो. जमिनीला धरून असतं ते पडत नाही, चाकं एकमेकांपासून जेवढी लांब तेवढी मोटार ठाम, हे तो मला इंग्रजी मासिकातली चित्रं दाखवून सांगायचा. तेच धोंडिबानं मासिकाशिवाय दोन दमांत सांगितलं. पण मोटारीबद्दल ऐकलेलं ज्ञान बैलगाडीला लागू होतं, हे ह्याच्या टाळक्यात शिरणं शक्य नव्हतं.

"अबे, तू मला वळण शिकवतो?" तो ओरडला. "कापायच्या तर काप, न्हाई तर दिंद्रुडहून सुतार आणतो. तुझं बलुतं त्याला देतो. तू गाव सोड."

चावडीपुढं सगळं गाव होतं. धोंडिबा खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "एक गाडी कापतो. कडबा भरून टाकळीच्या वड्याला मी सवता हाकतो. वळनाला हुबी ऱ्हायली तर समद्या कापतो, एक शबूद बोलत न्हाई. पडली तर हुकूम माघारी घ्या."

शर्यतीला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मंजूर," तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

दिवस मावळायच्या आत मी धोंडिबाकडं गेलो. अंगणात तो आख कापत होता. मी म्हणालो, "बाबा, कशाला जिवावर उदार होता? कापून टाका सगळ्या. उद्या गाड्या पडल्या तर नाव सरकारचं जाईल, तुमचं काय जातंय?"

"सरकारचं कशापायी जाईल?" तो करवत न थांबवता म्हणाला. "गाडी पडली की लोक सुताराला शिव्या देत्यात. त्यात कुनाची लेकरं बसल्याली आसत्याल. हात माझा लागलाय न्हवं तिला."

मी हळूच विचारलं, "मग उद्या मुद्दाम पाडणार का?"

त्यानं करवत थांबवली. माझ्याकडं असं बघितलं की मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. "मी सुतार हाय, मुन्शी. पडू ने म्हूनच हाकीन," एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला.

पुढं कित्येक वर्षं तो जहागीरदार बैठकीत दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगाची हकिकत सांगत असे. मोटार तोवर गोठ्यात गेली होती, तिच्या बसायच्या जागेवर कोंबड्या अंडी घालायच्या. धोंडिबा काठी टेकत पारापर्यंत यायचा आणि लांबून ऐकायचा. त्या हकिकतीत एका हट्टी सुताराला अपघात होतो आणि जहागीरदार त्याला वेळेवर दवाखान्यात पोचवतो. कशातून पोचवतो, हे तो गाळायचा. म्हणून मी लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकळीच्या ओढ्याला तिन्ही गावं लोटली होती. तो उंच खडकावर उभा, हातात साखळीचं घड्याळ. धोंडिबानं गाडी उतारावर आणली. कडबा पद्धतशीर भरलेला, दोन्हीकडं सारखा, जड पेंढ्या खाली. गाडी पडू नये म्हणून जे जे करता येतं ते त्यानं केलेलं होतं. बैल हळू होते, पण उतारावर कडब्याचं ओझं मागून रेटत होतं. वळण लागलं आणि आतलं, डावं चाक उचललं. आधी चार बोटं, मग वीतभर. धोंडिबा त्या बाजूला झुकला, आडवा होऊन बाहेर लोंबला. मी रोज झुकायचो तसाच. पण मी अडीच मणाचा, आणि तो काडी. वर पुरुषभर कडबा.

गाडी सावकाश पडली. उडी मारायला वेळ होता. धोंडिबानं उडी मारली नाही. गाडी उलटली की जू पिळवटतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. तो घसरत पुढं गेला आणि त्यानं दोन्ही बैलांच्या जुपण्या सोडवल्या. बैल मोकळे झाले, बाजूला पळाले. गाडी त्याच्या पायावर आली.

बायका ओरडत धावल्या. मी धावलो. कडबा उपसून त्याला बाहेर ओढला तेव्हा गुडघ्याखालचा पाय भलतीकडंच वळलेला होता आणि हाड दिसत होतं. मी वर बघितलं. तो खडकावर उभाच होता. घड्याळ खिशात घालत तो म्हणाला, "वळण नापास."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांचा राग केला. पण त्या दोन शब्दांसाठी त्याचा जेवढा तिरस्कार केला तेवढा कुणाचाच नाही.

मग मात्र तो धावत खाली आला. "मोटारीत घाला त्याला!" म्हणाला. "चार कोस आष्टी. अर्ध्या तासात पोचवतो!" त्याचे डोळे चमकत होते. त्यात दया नव्हतीच असं मी म्हणणार नाही. पण अर्धा तास हा आकडा तो ज्या सुरात म्हणाला, त्यावरून मला कळलं की त्याला मोटारीची वेळही मोजायची होती.

धोंडिबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "न्हाई. रुंद गाडी आना. खाली कडबा घाला."

"अबे म्हाताऱ्या, मोटार लौकर जाईल!"

"जाईल की सरकार. पर तुमची मोटार रस्ता जसा हाय तसा सांगती म्हनं. माझ्या पायाला त्यो आता ऐकवायचा न्हाई."

लोकांनी शेजारची गाडी जुंपली. बाकी सगळ्यांचे आख अजून शाबूत होते. तो चिडला. मग म्हणाला, मी पुढं जाऊन डॉक्टरला तयार ठेवतो, आणि मला मोटारीकडं बोट दाखवलं. मी म्हणालो, "न्हाई सरकार. मी म्हाताऱ्याचा पाय धरतो." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला नाही म्हणालो. तो एकटाच गेला, धुरळ्यात दिसेनासा झाला.

धोंडिबाच्याच अंगणातून आणवलेल्या दोन फळ्यांत पाय बांधला आणि आम्ही निघालो. मी फळ्या दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. गाडी चाकोरीत पडली आणि चालत राहिली. कोसभर गेलो असू, समोर मोटार. मधल्या उंचवट्यावर पोट अडकवून बसलेली, चारी चाकं नुसती टेकलेली. तेलाचं भांडं फुटून फुफाट्यात काळा ओघळ आलेला. बाजूच्या धोंड्यावर तो बसला होता. टोपी काढलेली, तोंडात अजून रुमालाची घडी.

बैल आपण होऊन थांबले. धोंडिबानं मान उचलून बघितलं आणि म्हणाला, "बसा सरकार. जागा हाय."

तो बसला. कडब्यावर, धोंडिबाच्या पायाशी, माझ्यासमोर. गाडीवानानं मोटारीला वळसा घालून गाडी पुन्हा चाकोरीत आणली. अर्धा कोस तो चाकाकडं एकटक बघत होता. मग रुमाल काढून म्हणाला, "अबे, हिला स्प्रिंगा न्हाईत. तरी धक्का कमी कावून?"

धोंडिबा डोळे मिटूनच म्हणाला, "बैल दगुड बघून पाय टाकतो, सरकार."

आष्टीच्या दवाखान्यापुढं गाडी उभी राहिली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाजाराचा दिवस, बघ्यांची ही गर्दी. डॉक्टर बाहेर आले, पाय बघून म्हणाले, ताबडतोब आत घ्या. चार जणांनी खाली हात घातले. धोंडिबानं गाडीच्या बाजूची फळी दोन्ही हातांनी धरली.

"आदी सांगा सरकार," तो म्हणाला. "गाडी पडली. हुकूम माघारी का?"

"तू बरा हो आधी. मग बघू."

"काय बघायचं ते हितंच बघा. मी हाय हितं."

डॉक्टर संतापले. वेळ जातोय, पाय जाईल, म्हणाले. चौघांनी ओढून बघितलं, पण त्या काडीसारख्या म्हाताऱ्याची बोटं सुटेनात. फळीवरून रक्त चाकावर ठिबकत होतं. जहागीरदार माझ्याकडं बघत होता, गर्दीकडं बघत होता, आभाळाकडं बघत होता. सगळ्या गावादेखत 'मंजूर' म्हणताना ज्याची जीभ एवढी सरळ चालली, त्याला 'हो' एवढं म्हणता येईना.

हुकूम माझ्या खिशात होता, उरलेल्या दोन गावांत वाचायचा राहिलेला. मी तो काढला, उलगडला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "सरकार?" मी म्हणालो.

त्यानं तोंड फिरवलं आणि माशी वारावी तसा हात हलवला. "फाड."

मी फाडला. दोन तुकडे, चार, आठ. धोंडिबाला अक्षर वाचता येत नव्हतं. तो माझ्या हातांकडं नीट निरखून बघत होता.

"समदा फाटला का, मुन्शी?"

"समदा, बाबा."

"मंग उतरवा आता," तो म्हणाला आणि त्यानं फळी सोडली.